रुग्ण-वर्गीकरणाची नवी पद्धत वॉर्डात आणताना : आधी नर्सेसचं म्हणणं कसं समजून घ्यायचं

नवा फॉर्म आला की नर्सिंग स्टेशनवर पहिला प्रश्न ठरलेला : “मग जुना बंद होणार का?” व्यवस्थापनाच्या बैठकीत या प्रश्नाला ‘बदलाला विरोध’ असं नाव पडतं. विचारणारीला मात्र एवढंच जाणून घ्यायचं असतं, की आठ तासांतली आणखी किती मिनिटं लिहिण्यात जाणार.

हा लेख मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, क्वालिटी विभागातली मंडळी आणि या विषयावर काम करणारे नर्सिंगचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. रुग्ण-वर्गीकरण म्हणजे कोणत्या रुग्णाला किती शुश्रूषा लागते ते आकड्यात मांडणं. त्याची पद्धत निवडायची कशी, नर्सेसना ती कशी वाटते हे प्रामाणिकपणे जाणून घ्यायचं कसं आणि ती वॉर्डात रुजवायची कशी, ते पायरीपायरीने सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते. नर्सेसना नव्याचं वावडं नसतं. ज्या पंपामुळे किंवा मॉनिटरमुळे खरोखर हात मोकळा होतो, तो त्या दोन ड्युट्यांत शिकून घेतात. वर्गीकरणाच्या बाबतीत त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं : आकडा वाढला तर मदतीला कोणी येतं का? या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर बाकीच्या पायऱ्या चढण्यात अर्थ नाही.

थोडी पार्श्वभूमी

वॉर्डात २४ रुग्ण आहेत म्हणजे २४ सारखी कामं आहेत असं नव्हे. एक जण उद्या घरी जाणार असतो, दुसऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, तिसऱ्याचं सक्शन दर अर्ध्या तासाला. हे प्रत्येक नर्सला माहीतच असतं. त्याचं मोजमाप करण्याचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झालं. रॉबर्ट कॉनर यांनी रुग्णांचे तीन गट केले : स्वतःचं स्वतः करणारे, थोडी मदत लागणारे आणि पूर्ण अवलंबून असलेले. कामाचा भार किती खाटा भरल्या आहेत यापेक्षा कोणत्या गटातले किती रुग्ण आहेत यावर ठरतो, असं त्यातून दिसलं.

पुढे दोन ढंगाच्या पद्धती रूढ झाल्या. एकीत प्रत्येक स्तराचं वर्णन दिलेलं असतं आणि रुग्ण ज्याच्याशी जास्त जुळतो त्यात टाकायचा. हिला नमुना पद्धत म्हणू. दुसरीत खाणंपिणं, हालचाल, औषधं, निरीक्षण अशा प्रत्येक बाबीला वेगळे गुण देऊन बेरीज करायची. ती घटक पद्धत. पहिली पटकन होते पण ढोबळ असते. दुसरी बारीक बघते पण वेळ खाते.

एवढा खटाटोप कशासाठी? लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. नर्समागे एकेक रुग्ण वाढत जाईल तशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. मनुष्यबळाची चर्चा फक्त सोयीची किंवा थकव्याची नाही, हे पटवून द्यायला एवढा संदर्भ पुरे.

पायरी १ : आकडा कशाला हवा आहे, ते एका वाक्यात लिहा

वर्गीकरणाचा आकडा वेगवेगळ्या कामांना लावता येतो. पुढच्या शिफ्टला कुठल्या वॉर्डात जादा माणूस पाठवायचा, त्याच वॉर्डातल्या नर्सेसमध्ये रुग्ण कसे वाटायचे, पुढच्या वर्षासाठी किती पदं मागायची, किंवा शुश्रूषेचा खर्च किती धरायचा. या सगळ्यांना एकच फॉर्म पुरवायचा मोह होतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. शिफ्टसाठीचा आकडा पुढचा अंदाज देणारा आणि दोन मिनिटांत होणारा हवा. वर्षाच्या पदांसाठी झालेल्या दिवसाचा हिशेब दिवसातून एकदा लिहिला तरी चालतो.

म्हणून उद्देश एका वाक्यात लिहा आणि त्याखाली दुसरं वाक्य : हा आकडा कशासाठी वापरला जाणार नाही. “यावरून कोणाही नर्सची वैयक्तिक कामगिरी मोजली जाणार नाही” हे लेखी असलं की निम्मी कुजबुज थांबते. अर्थात, लिहिलं तर पाळावंही लागतं. वार्षिक अहवालात एखाद्या सिस्टरचे गुण कुणी तोंडी जरी काढले तरी ती बातमी दुपारच्या ड्युटीपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचलेली असते.

पायरी २ : आधीचं लिखाण मोजा

एका सिस्टरला एका ड्युटीत काय काय लिहावं लागतं त्याची यादी करा. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट, औषधांचा तक्ता, नर्सेस नोट्स, ओव्हरची (पुढच्या ड्युटीला रुग्ण सोपवतानाची) वही, सेन्सस म्हणजे रुग्णसंख्येची नोंद, डाएट शीट, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी, वेदनेचे गुण, पडण्याचा धोका, बेडसोअरचा (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा) धोका. यादी ऐकून करू नका. सकाळच्या ड्युटीत वॉर्डात उभं राहून करा.

मग बघा, तीच माहिती किती ठिकाणी जाते. बेडसोअरच्या धोक्यासाठी अनेक ठिकाणी ब्रेडन मापन भरतात. त्यात संवेदना, त्वचेचा ओलेपणा, वावर, अंथरुणातली हालचाल, पोषण आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण असतात. पडण्याच्या धोक्याच्या फॉर्ममध्ये चालण्याची स्थिती पुन्हा येते. वर्गीकरणाच्या नव्या फॉर्ममध्ये ‘हालचाल’ तिसऱ्यांदा विचारली, तर ती भरणारी व्यक्ती रुग्णाकडे न बघता वरच्या कागदावरून उतरवून काढणार. तिच्या जागी कुणीही तेच करेल. संगणकावर असेल तर आधीचे गुण आपोआप पुढे येऊ द्या आणि कागदावर असेल तर एक फॉर्म काढून टाका. नवा एक आला की जुना एक जाईल, हा नियम जाहीर केलात तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन झालं.

पायरी ३ : मत विचारा, पण खरं उत्तर येईल अशा तऱ्हेने

बहुतेक ठिकाणी मत घेतलं जातं ते असं : प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये, मेट्रन पहिल्या रांगेत, आणि शेवटी कागद वाटतात. “नवीन पद्धतीला तुमचा पाठिंबा आहे का?” या प्रश्नाला तिथे नाही म्हणणारं कोणी नसतं. नंतर अहवालात ‘९० टक्के सकारात्मक’ छापून येतं आणि तीन महिन्यांनी फॉर्म कोरे सापडतात.

काय विचारायचं हे ठरवायला दोन जुने आधार अजून उपयोगी आहेत. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली मांडलं, की लोक नवी गोष्ट स्वीकारताना पाच बाजूंनी तोलतात : आधीपेक्षा फायदा काय, आपल्या रीतीत बसते का, किती किचकट आहे, आधी करून बघता येते का, आणि परिणाम डोळ्यांना दिसतो का. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये संगणकाच्या वापराबद्दल यातलं मुख्य दोन गोष्टींत आणलं : उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. ‘वाटतं’ हा शब्द दोन्हींकडे महत्त्वाचा. पद्धत कागदावर कितीही उपयोगी असो, नर्सला ती तशी वाटत नसेल तर तिच्यापुरती ती नाहीच.

हे प्रश्न वॉर्डाच्या भाषेत आणायचे. ‘सापेक्ष लाभ’ असं कोणी बोलत नाही. त्याऐवजी असं विचारता येईल :

- मागच्या वेळी ड्युटी जड आहे असं कळवलंत तेव्हा पुढे काय झालं?
- ओव्हर घेताना कुठला रुग्ण जड आहे हे तुम्ही कशावरून ठरवता?
- दिवसभरात तुम्ही केलेलं कोणतं काम कुठेच लिहिलं जात नाही?
- या फॉर्ममधल्या कुठल्या ओळीवर अडलात?
- रात्री दोघीच असताना हा फॉर्म कधी भराल?
- आकडा चुकीचा वाटला तर तो बदलायचा अधिकार कोणाला असावा?

पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा. मत विचारलं तर माणूस शिष्टाचाराने बोलतो, पण झालेली गोष्ट विचारली की खरं बाहेर येतं.

विचारणारी व्यक्ती त्या वॉर्डाची इन्चार्ज नसावी. नर्सिंग कॉलेजची शिक्षिका किंवा दुसऱ्या विभागातली सिस्टर चालेल. चारपाच जणींशी गटात बोला, पण स्टाफ नर्स आणि इन्चार्ज एका गटात बसवू नका. कागदी प्रश्नावली द्यायची तर एका पानाची, बिननावाची, आणि शेवटी दोन ओळी मोकळ्या ठेवलेली. वयाचा आणि अनुभवाचा तपशील इतका बारीक विचारू नका, की सहा जणींच्या वॉर्डात कुणी काय लिहिलं ते लगेच ओळखू यावं. नाइटच्या मंडळींना वगळू नका. त्यांना दिवसा बोलावणं म्हणजे झोप मोडणं, तेव्हा तुम्हीच रात्री जा. आणि ओव्हर संपून घरी निघालेल्या माणसाला थांबवू नका. तेव्हा मिळणारं उत्तर थकव्याचं असतं.

आता उत्तरं वाचायची कशी? “वेळ नाही” हे सर्वांत जास्त ऐकू येईल आणि त्याचे दोन अर्थ असू शकतात. कधी खरोखरच मिनिटं नसतात. कधी “या कामासाठी वेळ काढावा असं वाटत नाही” एवढंच म्हणायचं असतं. फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे फॉर्म भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघणं. रुग्णामागे एक मिनिट लागत असेल आणि तरी तक्रार असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे.

“आम्हाला बघूनच कळतं” हे वाक्य अनुभवी सिस्टर म्हणतात आणि त्यात गर्व असतो असं समजण्याची घाई करू नका. त्यांना खरंच कळतं. अडचण अशी, की ते कळणं त्यांच्या ड्युटीबरोबर घरी जातं, वरच्या कार्यालयात पोचत नाही. उलट नव्या मुलींना घटकांची यादी आवडते असं माझ्या पाहण्यात आलं आहे, कारण ‘जड आहे’ यापलीकडे सांगायला त्यांना शब्द मिळतात. इन्चार्जचं मत आणखी वेगळं. तिला आकडा हवा असतो, कारण माणूस मागायला तो हाताशी असतो. आणि नकोही असतो, कारण आकडा कमी आला तर तिच्याकडचीच सिस्टर दुसऱ्या वॉर्डात पाठवली जाईल. या भीतीबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून ती तुम्हीच काढा.

“शेवटी सगळं तेच” म्हणणारी व्यक्ती शोधून तिच्याशी निवांत बोला. याआधी कोणती योजना आली, कशी विरली, हा त्या वॉर्डाचा इतिहास तिला पाठ असतो.

पायरी ४ : पद्धत निवडा

निवडताना एक गोष्ट जरूर वाचून जा. अतिदक्षता विभागासाठी १९७४ साली ‘टिस’ नावाची गुणपद्धत आली. रुग्णावर कोणते उपचार चालू आहेत ते मोजून गुण द्यायचे. १९९६ साली तिचं २८ बाबींचं सुटसुटीत रूप आलं. तरी नर्सेसची तक्रार राहिलीच, की आमचा निम्मा दिवस यात दिसत नाही. २००३ साली मिरांडा आणि सहकाऱ्यांनी ‘नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर’, म्हणजे ‘नास’ प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाची स्वच्छता, कूस बदलणं, नातेवाइकांशी बोलणं आणि त्यांना आधार देणं, कागदपत्रांचं काम हेही धरलं. टिस-२८ मध्ये नर्सच्या वेळेचा ४३ टक्के भागच पकडला जात होता, नासमध्ये ८१ टक्के आला. तक्रार बरोबर होती, फक्त तिला आकडा मिळायला बरीच वर्षं जावी लागली.

तुमच्या फॉर्मवर हीच कसोटी लावा. मागच्या पायरीत ‘कुठेच न लिहिलं जाणारं काम’ विचारलंत, त्या उत्तरांची यादी एका बाजूला आणि फॉर्मच्या ओळी दुसऱ्या बाजूला ठेवा. घाबरलेल्या नातेवाइकांना समजावणं, भाषा न कळणाऱ्या रुग्णाशी हातवाऱ्यांनी बोलणं, एका तासात दोन ॲडमिशन आणि एक डिस्चार्ज, डॉक्टरांच्या मागे फोन. यातलं काहीच फॉर्ममध्ये नसेल तर नर्सेस त्याला आपला मानणार नाहीत.

सर्वसाधारण वॉर्डांसाठी फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात तयार झालेली ‘राफाएला’ ही चांगली अभ्यासण्यासारखी पद्धत आहे. त्यात शुश्रूषेच्या सहा क्षेत्रांना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात, म्हणजे एका रुग्णाचे ६ ते २४. इंग्लंडमध्ये ‘सेफर नर्सिंग केअर टूल’मध्ये रुग्णाला ० ते ३ स्तरांत बसवतात आणि त्यातल्या पहिल्या स्तराच्या उपस्तरांपैकी दोन असे आहेत : एक प्रकृती अस्थिर असलेल्यांसाठी, दुसरा प्रकृती स्थिर पण रोजच्या गोष्टींसाठी अवलंबून असलेल्यांसाठी. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. बरा होत आलेला पण अंथरुणाला खिळलेला म्हातारा रुग्ण वैद्यकीय तक्त्यावर ‘स्थिर’ असतो आणि नर्सच्या लेखी दिवसातला सर्वांत जड.

तयार पद्धत घ्यायची तर परवाना लागतो का ते आधी बघा. बालरुग्ण, प्रसूती आणि मानसोपचार विभागांना प्रौढांच्या मेडिकल वॉर्डाचा फॉर्म जसाच्या तसा लावू नका.

पायरी ५ : दोघींचा आकडा जुळतो का ते तपासा

एक उदाहरण. सत्तरीतला रुग्ण, शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. दिवसा शांत असतो, स्वतः जेवतो, स्वतः चालतो. रात्री मात्र भ्रम होतो. चार वेळा उठून बसला, एकदा सलाइनची नळी (आयव्ही) ओढून काढली, दोनदा दाराशी सापडला. सकाळी एका सिस्टरने ‘हालचाल : स्वावलंबी’ म्हणून कमीत कमी गुण दिले. नाइटच्या सिस्टरने ‘सतत लक्ष’ म्हणून जास्तीत जास्त दिले. दोघींनी फॉर्म नीट वाचला होता आणि दोघींकडे कारण होतं. मग खोट कुठे? भ्रमात चालणाऱ्या माणसाला कुठल्या ओळीत धरायचं हे फॉर्मने सांगितलंच नव्हतं.

असे अवघड रुग्ण हेच प्रशिक्षणाचं साहित्य. तक्त्याचे नियम वाचून दाखवण्यात तास घालवू नका. दहाबारा खरे केस पेपर नावं झाकून घ्या, प्रत्येकीला स्वतंत्र गुण द्यायला लावा आणि जिथे फरक पडला तिथेच चर्चा करा. जो निर्णय होईल तो तारखेसह एका वहीत लिहा आणि ती वही नर्सिंग स्टेशनवर ठेवा. फॉर्मच्या छापील मार्गदर्शिकेपेक्षा ही वही जास्त उघडली जाते.

नंतर दोन सिस्टरनी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता तेच २० रुग्ण मोजायचे. राफाएलामध्ये अशी जुळणी किमान ७० टक्के असावी असं धरतात. पण नुसत्या टक्क्यांवर विसंबू नका. समजा दोघींनीही १७ रुग्ण ‘मध्यम’ आणि ३ ‘जड’ ठरवले. त्यातले १५ दोघींच्याही मते मध्यम आणि १ दोघींच्याही मते जड. जुळणी झाली २० पैकी १६, म्हणजे ८० टक्के. छान वाटतं. पण बहुतेक रुग्ण मध्यमच असल्यामुळे डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ७४.५ टक्के जुळलं असतं. योगायोगाने होणारी ही जुळणी वजा करणारं ‘कप्पा’ नावाचं माप जेकब कोहेन यांनी १९६० साली दिलं. (०.८० − ०.७४५) ÷ (१ − ०.७४५) केलं की येतो सुमारे ०.२२, म्हणजे फारच कमी. साध्या भाषेत सांगायचं तर, निदान एकीने तरी जड म्हटलेले पाच रुग्ण होते आणि दोघींचं एकमत फक्त एकावर झालं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या जड रुग्णांवरच मतभेद. वर्गवारीत क्रमाने वाढणारे तीन-चार स्तर असतील तर भारित कप्पा काढा, म्हणजे एका स्तराचा फरक कमी आणि दोन-तीन स्तरांचा फरक जास्त धरणारा. आकडेमोड कुठलंही संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर करून देतं.

पायरी ६ : नजरेचा अंदाज मोडीत काढू नका

पद्धत नवी असताना काही आठवडे दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहा : फॉर्मचा आकडा आणि “आजची ड्युटी कशी होती?” याचं नर्सने दिलेलं उत्तर. राफाएलात ही सोय मुळातच आहे. प्रत्येक नर्स उणे ३ ते अधिक ३ या पट्टीवर सांगते, की आजचा भार योग्य होता, हलका होता की झेपण्यापलीकडचा. शून्य म्हणजे योग्य. बऱ्याच दिवसांची ही उत्तरं आणि त्या दिवसांचे गुण एकत्र मांडले की त्या वॉर्डात नर्समागे किती गुण ‘योग्य’ ठरतात ते कळतं. त्याच्या दोन्ही बाजूंना १५ टक्क्यांचा पट्टा मान्य धरतात.

हे कसं चालतं ते काल्पनिक आकड्यांनी बघू. वॉर्डात २२ रुग्ण, सगळ्यांच्या गुणांची बेरीज २६४, चोवीस तासांत नर्सेस ८. नर्समागे ३३ गुण. त्या वॉर्डाचा योग्य भार २६ निघाला असेल तर मान्य पट्टा २२.१ ते २९.९. म्हणजे आज भार पट्ट्याबाहेर. एक नर्स जादा मिळाली तर २६४ भागिले ९, म्हणजे २९.३. पट्ट्याच्या आत, जेमतेम. “आम्हाला माणसं कमी पडतात” आणि “या वॉर्डात आज एक नर्स कमी आहे” या दोन वाक्यांतला फरक इथे दिसतो. शिवाय ‘योग्य’ काय हे त्याच वॉर्डातल्या नर्सेसनी ठरवलेलं असतं, बाहेरून आलेलं नसतं. ‘बघूनच कळतं’ म्हणणारीचं कळणं इथे हिशेबात आलं, आणि बहुतेकदा तिथून तिचा सूर बदलतो.

पायरी ७ : आकड्याला उत्तर कोण देणार?

सर्वांत कठीण पायरी हीच, आणि बहुतेक रुग्णालयं ती शेवटी ढकलतात. फॉर्म छापण्याआधी एक तक्ता तयार करा : आकडा अमुक रेषेवर गेला तर कोणी, किती वेळात, काय करायचं. इन्चार्जने सुपरवायझरला फोन करायचा, सुपरवायझरने ठरावीक वेळात उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर लिहून ठेवायचं.

जादा माणूस हे एकच उत्तर नसतं. कधी रिलीव्हर, म्हणजे बदली नर्स, नसतेच. मग त्या वॉर्डातली नवी ॲडमिशन थोडा वेळ दुसरीकडे वळवता येते, नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, रुग्णाला एक्स-रेला नेणं, रिपोर्ट आणणं, स्टोअरमधून सामान आणणं ही कामं त्या शिफ्टपुरती नर्सकडून काढता येतात. काहीच जमलं नाही तर “मदत देता आली नाही, ही कामं आज उशिरा होतील” असं सुपरवायझरच्या सहीने नोंदवा. नर्सला हेही उत्तर चालतं, कारण उद्या विचारणा झाली तर ती एकटी सापडत नाही. गप्प बसणं मात्र चालत नाही.

ठरावीक प्रमाण असताना वर्गीकरण कशाला, असाही प्रश्न येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००४ पासून नर्स-रुग्ण प्रमाण कायद्याने लागू केलं. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी एका नर्समागे जास्तीत जास्त सहा रुग्ण, २००५ पासून पाच. तरी तिथे वर्गीकरण ठेवलंच आहे. प्रमाण ही किमान पातळी, आणि रुग्ण जास्त जड असतील तर वर किती जावं लागेल ते वर्गीकरणाने ठरवायचं.

पायरी ८ : फुगलेले, दबलेले आणि उतरवलेले आकडे

काही महिन्यांनी गुण हळूहळू चढू लागतात. रुग्ण तेच, पण ‘मध्यम’चे ‘जड’ होतात. याला लबाडी म्हणून सुरुवात करू नका. खरं लिहून मदत मिळाली नाही तर माणूस मोठ्याने बोलतो, तसंच हे. आधी सातव्या पायरीचा तक्ता पाळला जातोय का बघा. उलटंही घडतं : आपला वॉर्ड ‘सांभाळता येत नाही’ असं दिसू नये म्हणून इन्चार्ज गुण दाबते. तिसरा प्रकार सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त दिसणारा, कालचाच आकडा आज उतरवणं. सॉफ्टवेअरमध्ये ‘मागील नोंद कॉपी करा’ असं बटण असेल तर वर्गीकरणापुरतं ते बंद करा.

तपासणी हलकी ठेवा. शेजारच्या वॉर्डाच्या सिस्टरने आठवड्यातून चारपाच रुग्ण पुन्हा मोजायचे आणि फरक आढळला तर तो पाचव्या पायरीतल्या वहीत न्यायचा. नाव घेऊन जाब विचारायला सुरुवात केलीत की खरे आकडे बंद होतील.

पायरी ९ : पुन्हा विचारा, आणि गरज पडली तर थांबवा

आधी एकदोन वॉर्डांतच करून बघा. उत्साही इन्चार्जच्या वॉर्डात कुठलीही पद्धत चालते, म्हणून जोडीला एक साधा, कुरकुर करणारा वॉर्डही घ्या. तीन महिन्यांनी तिसऱ्या पायरीतले तेच प्रश्न, त्याच तऱ्हेने विचारा. मधल्या काळात प्रत्येक वॉर्डाला स्वतःचा आकडा दिसू द्या : आठवड्याचा साधा आलेख, त्यावर रेषेबाहेरचे दिवस, आणि त्या प्रत्येक दिवसासमोर काय उत्तर मिळालं ते. परिणाम डोळ्यांना दिसणं हे रॉजर्स यांच्या पाचांतलं एक होतंच. बहुतेक ठिकाणी आकडे वर जातात, पण परत खाली वॉर्डात येत नाहीत.

थांबवायचं कधी, हेही सुरुवातीलाच ठरवून लिहा. रेषेबाहेर गेलेल्या शिफ्टपैकी निम्म्यांना कुठलंच उत्तर नोंदलेलं नसेल तर फॉर्म भरणं स्थगित करा आणि आधी तो तक्ता दुरुस्त करा. नर्सेसकडून आकडे घेत राहायचे आणि त्यांचं काही करायचं नाही, यापेक्षा ते बरं; पुढची योजना आणाल तेव्हा निदान ऐकून घेणारं कोणी उरेल.

चालू ठेवायचं ठरलं तर देखभालीसाठी एका सिस्टरची नेमणूक करा आणि त्या कामाचे तास ड्युटी-चार्टवर लिहा. नव्या मुलींचं प्रशिक्षण, जुळणीची तपासणी, वहीतले नवे निर्णय आणि आठवड्याचा आलेख हे ‘जमेल तसं’ होणारं काम नाही. ते तास चार्टवर नसतील तर ती सिस्टर ते आपल्या रुग्णांच्या वेळातून काढेल, आणि त्या वेळेची नोंद तुमच्या नव्या फॉर्ममध्येही कुठे सापडणार नाही.